हूटर पुरेसा नाही : बोलत्या इशारायंत्रणेवरील आक्षेपांचा प्रतिवाद

उंच इमारतीत आग लागल्यास आतील माणसांना केवळ कर्कश ध्वनीने सावध करावे, की मानवी आवाजात नेमकी सूचना द्यावी, या प्रश्नावर बांधकाम व्यावसायिक, सल्लागार आणि गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणी यांच्यात एक भूमिका फार ठामपणे मांडली जाते. हूटर वाजला की लोक आपोआप बाहेर पडतात. बोलून सांगितले की उलट घबराट उडते. घोषणा चुकली तर ती जीव घेते. आणि लॉबीत संगीतासाठी स्पीकर बसवलेले असताना त्याच कामासाठी दुसरी महागडी यंत्रणा कशाला, असा या भूमिकेचा आशय आहे. तिच्यातील काही आक्षेपांत तथ्य आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या तथ्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्या चुकीची किंमत ज्यांना मोजावी लागते ते भाडेकरू, घरकामगार, रुग्ण आणि पाहुणे निर्णयाच्या बैठकीला कधीच हजर नसतात, म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करणे भाग आहे.

ज्या साधनांविषयी हा वाद आहे त्यांना व्यवहारात ‘व्हॉइस इव्हॅक्युएशन सिस्टीम’ म्हणतात. येथे त्यांचा उल्लेख बोलती इशारायंत्रणा असा केला आहे. धूर किंवा उष्णता ओळखणारा डिटेक्टर, अथवा भिंतीवरचा लाल कॉल पॉइंट, यांच्याकडून इशारा पॅनेलकडे येतो. पॅनेल तो ध्वनिनियंत्रकाला कळवते. नियंत्रक आधी लक्ष वेधणारा स्वर आणि मागोमाग ध्वनिमुद्रित सूचना ॲम्प्लिफायरमार्फत ठरलेल्या मजल्यांवरील स्पीकरकडे पाठवतो. आणि नियंत्रण कक्षातील मायक्रोफोन हाती घेऊन अग्निशमन अधिकारी कोणत्याही क्षणी ती मुद्रित सूचना थांबवून स्वतः बोलू शकतो. या साखळीतील शेवटचा दुवा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण आग दर मिनिटाला बदलते आणि आधी मुद्रित केलेले वाक्य बदलत नाही.

सर्वांत जुना आणि सर्वांत घट्ट रुजलेला आक्षेप घबराटीचा आहे. आग लागल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले की माणसे विवेक गमावतात, एकमेकांना तुडवतात, म्हणून शक्य तितके कमी सांगावे, ही समजूत चित्रपटगृहांच्या व्यवस्थापकांपासून रुग्णालयांच्या प्रशासकांपर्यंत सर्वत्र आढळते. आपत्तीतील मानवी वर्तनाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारांटेली आणि आगीतील वर्तनाचा अभ्यास करणारे डेव्हिड कँटर, जोनाथन साइम, गिलेन प्रू यांच्या संशोधनातून जे चित्र उभे राहते ते याच्या जवळपास उलट आहे. माणसे सहसा सैरावैरा धावत नाहीत, ती रेंगाळतात. सुटकेला लागणाऱ्या एकूण वेळेचे अग्निसुरक्षा अभियांत्रिकीत भाग पाडले जातात : आग ओळखली जाण्याचा वेळ, इशारा मिळण्याचा वेळ, इशारा मिळूनही माणूस प्रत्यक्ष निघेपर्यंतचा वेळ आणि चालून बाहेर पडण्याचा वेळ. यांतील तिसरा भाग, ज्याला हालचालपूर्व काळ म्हणता येईल, तो अनेकदा चालण्याच्या वेळेपेक्षाही मोठा असतो. या काळात माणूस दार उघडून शेजाऱ्याकडे पाहतो, वॉचमनला फोन लावतो, कपडे बदलतो, कागदपत्रांची पिशवी शोधतो, मुलांना गोळा करतो, आणि हे खरेच आहे की नेहमीसारखेच काहीतरी बिघडले आहे याचा अंदाज घेत राहतो. त्याला माहिती हवी असते, आणि ती मिळेपर्यंत तो हलत नाही. जी यंत्रणा त्याला माहिती देत नाही ती त्याची शांतता टिकवत नाही, केवळ त्याचा वेळ घालवते.

साइम आणि प्रू यांनी इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील मॉन्युमेंट या भुयारी मेट्रो स्थानकात सुटकेचे जे प्रयोग केले आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध केले, ते या आक्षेपाला दिलेले सर्वांत नेमके उत्तर आहे. स्थानक तेच, प्रवासी साधारण त्याच प्रकारचे. दर वेळी बदलत होती ती फक्त त्यांना मिळणारी माहिती. केवळ घंटा वाजवली तेव्हा प्रवासी फलाटावर गाडीची वाट पाहत उभे राहिले. काय घडले आहे आणि कोठे जायचे हे घोषणेतून सांगितले गेले, आणि विशेषतः कॅमेऱ्यांतून लोकांच्या हालचाली पाहत नियंत्रण कक्षातून त्यांना उद्देशून सूचना दिल्या गेल्या, तेव्हा स्थानक वेगाने आणि सुरळीत रिकामे झाले. लोकांना खरे का सांगू नये, हा या दोघांनी विचारलेला प्रश्न होता, आणि घबराटीची भीती दाखवणाऱ्यांकडे त्याचे समाधानकारक उत्तर आजही नाही.

या प्रयोगांना एका भीषण घटनेची पार्श्वभूमी होती. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकात लाकडी सरकत्या जिन्याखाली लागलेली आग काही मिनिटांत तिकीटघरात उसळली आणि ३१ जणांचा मृत्यू झाला. डेस्मंड फेनेल यांच्या चौकशीत जे समोर आले त्यात स्थानकातील घोषणायंत्रणा त्या संध्याकाळी वापरलीच गेली नाही, ही बाब होती. साधन होते, आवाज नव्हता. खालच्या फलाटांवरील प्रवाशांना दुसऱ्या जिन्याने वर पाठवले गेले आणि तो जिना त्यांना त्याच तिकीटघराकडे घेऊन गेला.

भारतातील उदाहरण याहून जवळचे आणि अधिक वेदनादायी आहे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तळमजल्यावरील वाहनतळाशेजारच्या ट्रान्सफॉर्मरपासून आग सुरू झाली, धूर वर चढला, आणि बाल्कनीतील प्रेक्षकांना त्याची कल्पना देणारी कोणतीही घोषणा वेळेत झाली नाही. ५९ माणसे गुदमरून गेली. ती पळापळीत तुडवली गेली नव्हती. आपण आगीच्या वर बसलो आहोत हेच त्यांना फार उशिरा कळले. ज्यांना बोलण्याने होणाऱ्या घबराटीची काळजी वाटते त्यांनी न बोलण्याने झालेल्या या मृत्यूंचा हिशोब आधी मांडला पाहिजे. याच्या शेजारी अमेरिकेतील केंटकी राज्यातील बेव्हर्ली हिल्स सपर क्लबची २८ मे १९७७ ची आग ठेवून पाहण्यासारखी आहे. त्या इमारतीत इशारायंत्रणा नव्हती आणि १६५ माणसे मरण पावली. परंतु खच्चून भरलेल्या मोठ्या सभागृहात अठरा वर्षांच्या एका मदतनीस मुलाने रंगमंचावर जाऊन मायक्रोफोन घेतला, बाहेर पडण्याची दारे हाताने दाखवली आणि लोकांना निघायला सांगितले. काहींना तो विनोदी कार्यक्रमाचाच भाग वाटला, आणि तरीही त्या काही वाक्यांमुळे शेकडो लोक धूर आत येण्यापूर्वीच उठून चालू लागले.

दुसरा आक्षेप असा की हूटरचा अर्थ सर्वांनाच ठाऊक असतो : वाजला की बाहेर पडा. लहान इमारतीत हे बव्हंशी खरे आहे. तीन मजली शाळा, एक जिना, एक मैदान, आणि सराव झालेली मुले, अशा ठिकाणी एकच हुकूम पुरतो आणि तो देण्यासाठी घंटा पुरते. तेथे बोलत्या यंत्रणेचा आग्रह धरणे हा पैशाचा अपव्यय ठरेल. या आक्षेपाचा आधार म्हणून कधी कधी ब्रिटनचाही दाखला दिला जातो. ग्रेनफेल टॉवरच्या १४ जून २०१७ च्या आगीत ७२ जणांचा बळी गेला. ‘घरातच थांबा’ हा सल्ला फार उशिरापर्यंत कायम ठेवला गेला आणि तो मागे घेतल्यावर संपूर्ण इमारतीला कळवण्याचे साधन अग्निशमन दलाच्या हाती नव्हते. चौकशीच्या पहिल्या अहवालाने उंच निवासी इमारतींत असे साधन बसवण्याची शिफारस केली, आणि त्याच सुमारास, २०१९ मध्ये, तयार झालेल्या ब्रिटिश मानकाने त्यासाठी बोलता आवाज न निवडता साधा ध्वनी निवडला. हे खरे आहे. पण तेथे त्या ध्वनीला एकच अर्थ दिलेला आहे, तो मजल्यामजल्याने वेगळा वाजवता येतो, आणि तो वाजवण्याचा अधिकार केवळ घटनास्थळी पोहोचलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याकडे असतो. ज्या इमारतीत आगीच्या वेळी दोन किंवा अधिक वेगवेगळे हुकूम द्यावे लागतात तेथे हा युक्तिवाद लागू पडत नाही.

मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुण्यातील टॉवर हे नेमके अशा दुसऱ्या प्रकारचे आहेत. चाळीस मजल्यांवरचे सर्व लोक एकाच वेळी जिन्यात उतरले तर खालच्या मजल्यांवरील गर्दीमुळे वरच्यांची वाट अडते, आणि होजपाइप घेऊन वर चढणाऱ्या जवानांना त्याच जिन्यात लोकांना बाजूला सारत जावे लागते. म्हणून आग लागलेला मजला आणि त्याच्या लगतचे मजले आधी, बाकीचे नंतर, अशी टप्प्याटप्प्याची सुटका योजली जाते. शिवाय आपल्याकडील बांधकाम नियमांनुसार उंच इमारतींत ठरावीक अंतराने आश्रयजागा ठेवलेली असते, जिला सर्वजण रेफ्यूज फ्लोअर म्हणतात. काहींनी तेथे यायचे असते, काहींनी घरातच दार बंद करून थांबायचे असते, काहींनी थेट खाली जायचे असते. एकाच सुरात वाजणारा हूटर या तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकत नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षा ठेवणे म्हणजे इमारतीचा आराखडा एका पद्धतीने आखून तिच्या सुटकेची योजना दुसऱ्याच पद्धतीने चालवणे होय.

मुंबईतील कमला मिल परिसरातील २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांतील बहुतेक जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेलेले आढळले. गच्चीवरची ती आग इतक्या वेगाने पसरली की केवळ चांगल्या स्पीकरांनी ती माणसे वाचली असती असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण ती धोक्यापासून अनभिज्ञ नव्हती, धोका त्यांना डोळ्यांसमोर दिसत होता. त्यांना ठाऊक नव्हती ती वाट, एवढे मात्र या घटनेवरून निश्चित म्हणता येते.

झोपेच्या संदर्भातही हूटरवरील भरवसा तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातील संशोधकांनी ६ ते १२ वर्षांच्या २४ मुलांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पालकाच्या आवाजात बोलणाऱ्या इशाऱ्याने २३ मुले जागी झाली, तर नेहमीच्या चिरक्या स्वराने १४. हा अभ्यास घरगुती उपकरणाचा आहे आणि नमुना लहान आहे, म्हणून तो जसाच्या तसा टॉवरला लावता येणार नाही. कमी श्रवणशक्ती असलेल्या प्रौढांना जागे करण्यात ५२० हर्ट्‌झच्या आसपासचा जाड स्वर अधिक प्रभावी ठरतो, हेही संशोधनातून दिसले आहे. या दोन्हींचा एकत्रित अर्थ असा की चांगली यंत्रणा स्वर आणि शब्द यांची निवड करत नाही. स्वराने जागे करते आणि शब्दांनी वाट दाखवते.

तिसरा आक्षेप, म्हणजे लॉबीत आणि पॅसेजमध्ये पीए सिस्टीम आहेच हा, वरकरणी सर्वांत व्यवहारी वाटतो आणि प्रत्यक्षात सर्वांत घातक आहे. संगीतासाठी बसवलेल्या यंत्रणेत एक ॲम्प्लिफायर असतो, तो बंद पडला की सगळे स्पीकर मुके होतात. तिची वायर साध्या प्लास्टिक आवरणाची असते आणि आगीच्या पहिल्या काही मिनिटांतच वितळू शकते. स्पीकरशेजारच्या भिंतीवर आवाज कमी करण्याची कळ असते, जी कोणीतरी कंटाळून शून्यावर नेऊन ठेवलेली असते. वीज गेली की ती थांबते, आणि आगीत वीज जातेच. बहुधा ती मुद्दाम तोडलीही जाते. मधल्या एखाद्या मजल्यावर फॉल्स सीलिंगच्या कामात वायर कापली गेली तर ते कोणालाही कळत नाही, कारण त्या मजल्यावर संगीत वाजत नाही म्हणून तक्रार करणारा कोणी नसतो.

बोलत्या इशारायंत्रणेची साधने या प्रत्येक उणिवेला दिलेले उत्तर आहेत, आणि खर्चातील फरक बव्हंशी तेथूनच येतो. युरोपीय ईएन ५४ मानकमालिकेतील सोळाव्या भागानुसार नियंत्रकाने मायक्रोफोनपासून स्पीकरच्या वायरीपर्यंतच्या मार्गावर सतत लक्ष ठेवायचे असते आणि बिघाड झाल्यास शंभर सेकंदांच्या आत पॅनेलवर दाखवायचा असतो. चोविसावा भाग स्पीकरच्या कसोट्या ठरवतो. एका ॲम्प्लिफायरची जागा आपोआप घेणारा राखीव ॲम्प्लिफायर ठेवला जातो. एकाच पॅसेजमधील स्पीकर दोन स्वतंत्र वायरींवर आलटून पालटून जोडले जातात, त्यामुळे एक वायर जळाली तरी निम्मे स्पीकर बोलत राहतात. वायर ज्वाळेतही काही काळ तग धरणारी असते. आवाज कमी करण्याची स्थानिक कळ असलीच तर आगीच्या वेळी तिला वळसा घालून पूर्ण आवाज स्पीकरपर्यंत पोहोचतो. बॅटरी वीज गेल्यानंतर चोवीस तास यंत्रणा जागी ठेवून वर अर्धा तास प्रत्यक्ष घोषणा देऊ शकेल इतकी असावी, असा ब्रिटिश मानकाचा दंडक आहे. यांतील एकही गोष्ट दिखाऊ नाही, आणि पीए सिस्टीमच्या कोटेशनमध्ये यांतील बहुधा एकही गोष्ट नसते.

मात्र येथे प्रतिपक्षाचा एक आरोप मान्यच करावा लागतो, आणि तो या सर्व चर्चेचा गाभा आहे. अनेक ठिकाणी अशी यंत्रणा बसवलेली असूनही तिचे बोलणे कोणालाही समजत नाही. संगमरवरी लॉबी, काँक्रीटचा बंदिस्त जिना, काचेचा दर्शनी भाग आणि रिकामे बेसमेंट यांत सोडलेला आवाज भिंतींवर आपटून परत परत येतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचते ती केवळ एक घुमणारी गडगड. असे झाले की तंत्रज्ञ आवाज वाढवतो. हा उपाय निरुपयोगी आहे, कारण आवाज वाढवला की थेट येणारा ध्वनी आणि घुमून येणारा ध्वनी दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात आणि शब्द जितके अस्पष्ट होते तितकेच अस्पष्ट राहतात.

हूटरच्या मापनाची सवय बोलत्या यंत्रणेला लावल्याने ही चूक होते. हूटरसाठी ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजली की काम भागते. सामान्य जागेत ६५ आणि झोपलेल्या माणसाच्या उशाशी ७५ डेसिबल हा अनेक मानकांतील परिचित दंडक आहे. पण डेसिबल केवळ ऐकू येण्याचे माप आहे, समजण्याचे नाही. समजण्याचे माप वेगळे आहे आणि ते पन्नासएक वर्षांपासून उपलब्ध आहे. नेदरलँड्समधील टॅमो हाउटगास्ट आणि हर्मन स्टेनेकेन यांनी १९७० च्या दशकात वाक्‌प्रेषण निर्देशांक विकसित केला, जो व्यवहारात ‘एसटीआय’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. बोलताना आवाजाची तीव्रता क्षणाक्षणाला चढत-उतरत असते, आणि अक्षरे ओळखू येतात ती या चढउतारांमुळे. प्रतिध्वनी आणि गोंगाट हे उतार भरून काढतात आणि चढउतार सपाट करतात. १२५ ते ८००० हर्ट्‌झ या सात पट्ट्यांत हा चढउतार किती शिल्लक राहिला हे मोजून शून्य ते एक यांमधील एक संख्या मिळते. सरासरी ०.५ च्या वर असावी, हा सामान्यतः मानला जाणारा उंबरठा आहे. हातात मावणाऱ्या उपकरणाने ही मोजणी एका ठिकाणी अर्ध्या मिनिटाच्या आत होते. इतके सोपे साधन असताना उंच इमारतींच्या स्वीकृतीचाचणीत ते वापरले जात नसेल, तर तो तंत्रज्ञानाचा दोष नव्हे.

निर्देशांक कमी आला तर उपाय ठाऊक आहेत : मोजक्या मोठ्या स्पीकरांऐवजी कमी शक्तीचे अनेक स्पीकर जवळजवळ बसवणे, त्यांचे तोंड माणसांच्या दिशेने ठेवणे, छताला ध्वनी शोषणारे अस्तर देणे. अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या संहितेने इमारतीचे ध्वनिदृष्ट्या वेगवेगळे भाग पाडून कोणत्या भागात शब्द समजणे आवश्यक आहे आणि कोणत्या भागात केवळ स्वर पुरेसा आहे हे आधीच ठरवण्याची पद्धत रुजवली आहे. पंपरूममध्ये वाक्य समजले नाही तरी चालेल. तेथील माणूस बाहेर पॅसेजमध्ये आला की ते त्याला समजले पाहिजे.

सूचनेचे शब्द हा याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि त्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. उत्पादकाने दिलेल्या इंग्रजी सूचनेचे घाईने केलेले भाषांतर ध्वनिमुद्रित होते आणि इमारतीच्या आयुष्यभर तसेच राहते. ‘सर्व रहिवाशांना विनंती करण्यात येते की त्यांनी नजीकच्या निर्गमन मार्गाचा अवलंब करावा’ हे वाक्य धुराच्या वासात, रात्री दोन वाजता, लहान मूल कडेवर घेतलेल्या माणसाला काहीही सांगत नाही. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे येथे विशेष ध्यानात घ्यावे लागते. ‘लिफ्ट वापरू नका’ या सूचनेतील शेवटची दोन अक्षरे घुमणाऱ्या जिन्यात बुडाली तर कानावर पडते ते ‘लिफ्ट वापरू’, म्हणजे नेमका उलटा आणि जीवघेणा अर्थ. म्हणून नकार टाळून ‘जिन्यानेच उतरा’ असे म्हणणे हा शैलीचा प्रश्न राहत नाही, सुरक्षेचा होतो. अधिकाऱ्याने मायक्रोफोनवरून बोलताना ‘लक्ष द्या. बाराव्या मजल्यावर आग आहे. बारा, तेरा, चौदा मजल्यावरच्यांनी जिन्याने आठव्या मजल्यावर या’ इतके म्हटले तरी त्यात घटना, ठिकाण, कोणी, कसे आणि कोठे ही पाचही उत्तरे येतात, आणि एवढे बोलायला दहा-बारा सेकंदांहून अधिक लागत नाहीत.

हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषा अशा तिन्हींत सूचना द्यावी, ही राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीतील अपेक्षा रास्त आहे. मुंबईतील एका टॉवरमध्ये या तिन्हींपैकी एकच भाषा जाणणारी माणसे खरोखरच राहतात आणि काम करतात. परंतु वीस-वीस सेकंदांच्या तीन सूचना ओळीने वाजवल्या तर तिसऱ्या भाषेची वाट पाहणाऱ्याला मधल्या विरामांसह पाऊण मिनिटाच्या आसपास थांबावे लागते. भाषा कमी करणे हा यावरचा उपाय नव्हे. वाक्ये छाटणे हा आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी. बोलता आवाज चुकीचेही सांगू शकतो, आणि त्याने तसे सांगितलेले आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी ८.४६ वाजता न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या उत्तर मनोऱ्यावर विमान आदळल्यानंतर दक्षिण मनोऱ्यातील लोक स्वतःहून उतरू लागले होते, आणि ९ वाजण्याच्या सुमारास त्या इमारतीच्या घोषणायंत्रणेवरून त्यांना सांगण्यात आले की ही इमारत सुरक्षित आहे, आपापल्या कार्यालयांत परत जावे. ९.०३ वाजता दुसरे विमान त्याच मनोऱ्यावर आदळले. काही लोक त्या घोषणेमुळे परतले होते. या वस्तुस्थितीला कोणताही तांत्रिक युक्तिवाद हलके करू शकत नाही, आणि बोलत्या यंत्रणेचा पुरस्कार करणाऱ्या प्रत्येकाने ती समोर ठेवूनच बोलले पाहिजे.

पण तिच्यावरून ‘म्हणून हूटर बरा’ असा निष्कर्ष निघत नाही. त्या सकाळी दोष स्पीकरांचा नव्हता. शेजारच्या इमारतीत काय चालले आहे याची पुरेशी माहिती नसताना ‘सुरक्षित’ हा शब्द उच्चारण्याचा होता. ९.०२ वाजता, म्हणजे आघाताच्या क्षणभर आधी, त्याच यंत्रणेवरून परिस्थितीनुसार शिस्तीने बाहेर पडण्यास सुरुवात करावी अशी दुसरी घोषणा झाली. पहिला हुकूम फिरवणे शक्य होते ते केवळ माणूस बोलू शकत होता म्हणून. आणि उत्तर मनोऱ्यात, जेथे आघाताने यंत्रणाच निकामी झाली, तेथे देण्याचा प्रयत्न झालेल्या सूचना लोकांपर्यंत पोहोचल्याच नाहीत. दोन मनोऱ्यांतून मिळणारे धडे दोन आहेत : यंत्रणा आघातात टिकली पाहिजे, आणि मायक्रोफोन कोणाच्या हातात असेल व तो काय म्हणू शकत नाही हे आधी ठरले पाहिजे. ‘धोका नाही, परत जा’ या आशयाची कोणतीही मुद्रित सूचना इमारतीच्या यंत्रणेत ठेवूच नये, आणि ती जिवंत आवाजात देण्याचा अधिकार घटनास्थळी असलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याखेरीज कोणालाही असू नये, असा कडक नियम करणे येथे समर्थनीय आहे. इमारतीच्या पहारेकऱ्याला बोलण्याचा अधिकार असावा, पण केवळ बाहेर पडण्याची सूचना देण्यापुरता.

उरलेले आक्षेप थोडक्यात निकाली निघतात. व्हॉट्सॲपच्या गटावर संदेश टाकता येतो हे खरे, पण झोपलेला माणूस, घरकामाला आलेली बाई आणि पाहुणा त्या गटावर नसतात. बहिऱ्या व्यक्तींना आवाज उपयोगी नाही, म्हणून लखलखणारे दिवे आणि उशाखाली थरथरणारी साधनेही हवीत; ती शब्दांच्या जोडीला हवीत, त्यांच्या जागी नव्हेत. खर्च जास्त आहे, हेही खरे. पण ज्या टॉवरच्या प्रवेशदालनावर आणि तरणतलावावर बांधकाम व्यावसायिक खर्च करतो त्या टॉवरच्या बाबतीत हा आक्षेप गांभीर्याने घेण्यासारखा नाही. जुन्या, मध्यम उंचीच्या सहकारी संस्थांची गोष्ट वेगळी आहे, आणि त्यांना टप्प्याटप्प्याने, आधी जिने आणि पॅसेज, मग इतर भाग, अशी मुभा देणे न्याय्य ठरेल.

महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र सादर करायचे असते. बोलत्या यंत्रणेच्या बाबतीत ‘चालू’ या शब्दाची कसोटी याच प्रमाणपत्राला जोडता येण्यासारखी आहे : जिन्याच्या मधल्या वळणावर, आश्रयमजल्यावर आणि पॅनेलपासून सर्वांत दूरच्या सदनिकेच्या झोपण्याच्या खोलीत दार बंद करून वाक्‌प्रेषण निर्देशांक मोजावा आणि तिन्ही आकडे लिहावेत; मुख्य वीज तोडून बॅटरीवर घोषणा घ्यावी; आणि त्या दिवशी पाळीवर असलेल्या पहारेकऱ्याने, इतर कोणीही नव्हे, मायक्रोफोन घेऊन सूचना द्यावी व ती वरच्या मजल्यावरील एखाद्या रहिवाशाने कागदावर लिहून दाखवावी.